दवाखाना आणि कापसाचा काटा

मागच्या ऑक्टोबरात, ऐन सोयाबीन काढणीत, माझ्या चुलतभावाच्या सोळा वर्षांच्या पोराला ताप भरला. तीन दिवस गावातल्याच 'डॉक्टर'ची सुई झाली. चौथ्या दिवशी तालुक्याच्या गावी नेलं, रक्त तपासलं आणि काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "पेशी कमी झाल्या." आमच्याकडे हे तीन शब्द ऐकले की आईबापाचं अवसान गळतं, मग समोरचा म्हणेल त्याला मान हलते. पोराला भरती केलं, सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, ६२ हजारांवरून ४८ हजारांवर आल्या. डॉक्टर म्हणाले, "रिस्क नको, नागपूरला हलवा, आपल्या ओळखीचं हॉस्पिटल आहे." गाडी दारातच उभी होती.

भावाने मला फोन केला, मी एका डॉक्टर मित्राला. त्याने चार गोष्टी विचारल्या: नाकातून-हिरड्यांतून रक्त येतं का, पोट फार दुखतं का, लघवी होते का, बीपी किती. सगळं ठीक होतं. रक्तस्राव नसेल तर पेशी १० हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या वरून चढवायची साधारणपणे गरज नसते, असं तो म्हणाला. लक्ष ठेवा, पाणी पाजत राहा. पोरगा नागपूरला न जाता बरा झाला. तेवढ्या मुक्कामाचं बिल मात्र भावाच्या दोन एकरांतल्या सोयाबीनच्या आसपास गेलं.

घरी आल्यावर तो ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, सोयाबीन विकाचं असलं त मी तीन अडत्यांले भाव इचारतो. इथं कोनाले इचारू?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस अडकून आहे. कारण अर्थशास्त्राची पुस्तकं न वाचता त्याने त्यातला मुद्दा बरोबर धरला होता. आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडपासून तहसीलपर्यंतच्या रस्त्यावर माझ्या लहानपणी दोन खासगी दवाखाने होते, आज अकरा आहेत. दुकानं वाढली की भाव उतरतो असं आपण मानतो, आणि मोबाईलच्या बाबतीत ते डोळ्यांनी पाहिलंही आहे. मग या रस्त्यावर भाव का उतरले नाहीत? उलट प्रत्येक नव्या दवाखान्यासोबत एक नवं मशीन आलं आणि मशीनसोबत त्याचा हप्ता आला. हप्ता बँक डॉक्टरकडून घेते, डॉक्टर आमच्याकडून.

स्पर्धा नाही असं नाही. स्पर्धा जबर आहे. फक्त ती रुग्णासाठी नाही, रुग्ण आणून देणाऱ्यासाठी आहे. गावातला सुई टोचणारा, गाडीचा ड्रायव्हर, खालच्या पातळीवरचा डॉक्टर यांच्यापैकी कोणाला किती द्यायचं यावर ती चालते. याला आपल्याकडे 'कट' म्हणतात आणि तो शब्द आता शेतातल्या बाईलाही माहीत आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, ज्यांचं विंचूदंशावरचं काम जगभर गेलं, त्यांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला होता. रुग्ण पाठवल्याबद्दल. त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला. तो मसुदाच राहिला.

म्हणजे अकरा दवाखाने एकमेकांशी झुंजतात, पण बक्षीस दलालाला. दवाखाने वाढले की दलालाचा भाव वाढतो, आणि तोही बिलातच येतो. आणखी एक गंमत सांगतो. या अकरांतल्या ज्या चार ठिकाणी ऑपरेशन होतं, तिथे भूल देणारा माणूस एकच आहे. तो मोटारसायकलवरून एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातो. रक्ताची तपासणीही बहुतेकांची एकाच लॅबमध्ये. बाहेरून चार पाट्या, आत एकच भूल. याला बाजार म्हणायचं असेल तर म्हणा.

केनेथ ॲरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. बाजार चालतो म्हणणाऱ्या सिद्धांताची गणिती मांडणी ज्यांनी केली त्यांच्यातला हा मोठा माणूस, पुढे नोबेल मिळालेला. म्हणजे बाजाराचा वैरी नव्हे. त्याचं म्हणणं असं की आजार कधी येईल ते ठाऊक नसतं, उपचाराचा गुण येईल का तेही ठाऊक नसतं, आणि विकणाऱ्याला जे कळतं ते विकत घेणाऱ्याला कळत नाही. तिथे नेहमीचा बाजार बसत नाही. हे आमच्या भाषेत सांगायचं तर कापसाकडे यावं लागतं.

कास्तकार कापूस विकायला नेतो तेव्हा त्याला आपला माल कळतो. धागा किती, ओल किती, कवडी किती, हे तो मुठीत घेऊन सांगतो. भाव पटला नाही तर गाडी परत आणता येते. घरातली एक खोली पऱ्हाटीच्या पांढऱ्या ढिगाने भरून, अंगाला खाज सुटली तरी, फेब्रुवारीपर्यंत वाट पाहता येते. आणि तरीही व्यापारी त्याला लुबाडतो. आता विचार करा, जिथे माल काय ते कळत नाही आणि गाडी परत आणता येत नाही, तिथे काय होत असेल. अडलेली बाळंतीण घरात भरून ठेवता येत नाही. रात्री ओलित करताना घोणस चावलेल्या गड्याला घेऊन तीन दवाखान्यांचे दर विचारत फिरता येत नाही.

काही ठिकाणी विचारता येतं, हे मान्य करायला हवं. चष्मा, दात, मोतीबिंदू. यात घाई नसते, शेजाऱ्याने कुठे केलं ते कळतं, गुण आला की नाही ते महिन्याभरात दिसतं. तिथे स्पर्धेने भलं झालेलं मी पाहिलं आहे. माझ्याच आईच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया दोन-तीन ठिकाणी विचारून केली. त्यामुळे 'खासगी म्हणजे लूट' असं सरसकट म्हणणाऱ्यांत मी नाही. पण डोळ्याच्या हिशेबाने छातीत दुखण्याचा हिशेब मांडू नये.

कापसाच्या बाजारात आम्हाला एक गोष्ट नक्की शिकवली आहे. सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र उघडलं की खासगी जिनिंगवाल्याचा भाव सरकतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. केंद्राचा काटा चालू असेल त्या आठवड्यात व्यापारी त्या आकड्याकडे डोळा ठेवून बोलतो. 'ग्रेडर आला नाही', 'जागा नाही', 'सर्व्हर बंद आहे' असं काही झालं की दुसऱ्याच दिवशी त्याची जीभ सैल सुटते. प्रत्येकाचा कापूस सीसीआयने घ्यावाच लागत नाही. तिकडे नेता येईल, एवढी शक्यता पुरते. दहा व्यापारी एकमेकांना जे करत नाहीत ते हा एक काटा करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की तालुक्याचं सरकारी रुग्णालय हे आरोग्यातलं सीसीआय केंद्र आहे. त्याच्याकडे आपण गरिबांची धर्मशाळा म्हणून पाहतो, आणि तिथेच चुकतो. खासगी दवाखान्याला खरा प्रतिस्पर्धी दुसरा खासगी दवाखाना नसून शेजारचं चालू असलेलं सरकारी रुग्णालय असतं. ते बंद पडलं की नुकसान फक्त तिथे जाणाऱ्या गरिबाचं होत नाही. जो कधीच तिथे पाय ठेवणार नाही, त्या माझ्यासारख्या पगारदाराचंही बिल वाढतं.

हे मी कागदावर शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या उपजिल्हा रुग्णालयात एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आल्या. लातूरकडच्या. क्वार्टरमध्ये राहिल्या, अप-डाऊन केलं नाही. त्यांच्यासोबत महिन्याभरात मानधनावर भूलतज्ज्ञही मिळाले, तेच, मोटारसायकलवाले. रात्री दोन वाजता सिझर होऊ लागलं. सहा महिन्यांत गावात कुजबुज सुरू झाली की अमक्या हॉस्पिटलने पॅकेज कमी केलं, तमक्याने औषधं पॅकेजमध्येच धरली. एकाने तर दारावर 'नॉर्मल डिलिव्हरीस प्राधान्य' अशी पाटी लावली. वाचून हसू आलं, म्हणजे आधी कशास होतं? बाई दोन वर्षं राहिल्या. मग बदली झाली. पाटी पुढच्या पावसाळ्यापर्यंत होती, नंतर तिच्या जागी सोनोग्राफीची पाटी आली. एका गावचा अनुभव म्हणजे अभ्यास नव्हे, हे मला कळतं. पण कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला त्यात नवल काहीच वाटलं नाही.

देशपातळीवरचे आकडे मात्र अभ्यासाचे आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, रुग्णालयात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च, बाळंतपणं वगळून, सरकारीत ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. सात पट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझर होती, खासगीतल्यांपैकी ४७.४ टक्के. काही गुंतागुंतीच्या बायका खासगीत जात असतील, काहींना स्वतःलाच कळा नको असतील. ते सगळं धरूनही जवळजवळ प्रत्येक दुसरी बाई कापावी लागते, हे शरीरशास्त्र नव्हे. रात्रभर कळांजवळ थांबण्याचे पैसे कमी मिळतात आणि पाऊण तासाच्या ऑपरेशनचे जास्त, एवढं साधं ते आहे. डॉक्टर वाईट आहे म्हणून हे होत नाही. दराची रचना तशी आहे म्हणून चांगल्या डॉक्टरकडूनही ते होतं.

दराचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडमधला अनुभव मला फार बोलका वाटतो. तिथली सरकारी आरोग्यसेवा १९९० च्या दशकात 'अंतर्गत बाजार' करून पाहत होती. रुग्णालयांनी दरावर झुंजायचं. त्या काळात जिथे स्पर्धा जास्त होती तिथे हृदयविकाराच्या झटक्याने येणाऱ्यांचे मृत्यू अधिक आढळले. दर दिसतो, दर्जा दिसत नाही, म्हणून जे दिसत नाही त्यात काटछाट झाली. पुढे २००६ नंतर त्यांनी उलटं केलं. दर सरकारने बांधून दिला आणि रुग्णाला कुठेही जायची मोकळीक दिली. आता स्पर्धेच्या भागात मृत्यू अधिक वेगाने घटले. देश तोच, आजार तोच, स्पर्धा तीच. दर कोणाच्या हातात, एवढाच फरक. आपल्याकडेही दर बांधता येतात. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षतेत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. त्या उन्हाळ्यात 'बाजार ठरवेल' म्हणणारा एकही माणूस टीव्हीवर दिसला नाही. साथ ओसरली आणि ते लोक परत आले.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता सरकारी दवाखान्याची आरती करणं म्हणजे लबाडी.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ती बाळं ज्या आयांची होती त्यांना 'सरकारी रुग्णालय बळकट करा' हे वाक्य कसं ऐकू येत असेल, याचा विचार मी हे लिहिताना केला आहे. रोजचं दुखणंही आहेच. डॉक्टर जिल्ह्याच्या गावाहून अप-डाऊन करतो, बस चुकली की ओपीडी चुकली. एक्स-रे मशीन आहे, चालवणारा नाही. चालवणारा आहे तर फिल्म नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं निःशुल्क आहे, चांगला निर्णय आहे तो. पण फुकटच्या केसपेपरवर 'बाहेरून आणा' म्हणून चार गोळ्या लिहिल्या की फुकट तिथेच संपतं.

आणि पक्की मक्तेदारी कशी सडते हेही कापसानेच आम्हाला दाखवलं आहे. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापारी बाद, सगळा कापूस सरकारच घेणार. सुरुवातीला कास्तकाराच्या जिवात जीव आला. मग प्रतवारीत हात ओले होऊ लागले, चुकारे लांबत गेले, तोटा फुगत गेला आणि लोक रात्रीच्या गाड्यांनी कापूस शेजारच्या राज्यांत पळवू लागले. ज्यांना सगळी खासगी वैद्यकी बंद करून सगळं सरकारने चालवावं असं वाटतं, त्यांना मी ही योजना आठवायला सांगतो. गिऱ्हाईक कुठे जाणार नाही हे कळलं की काटा मारायला सरकारी माणूसही शिकतो.

आमच्या शेजारच्याच मध्य प्रदेशातल्या खेड्यांत एक अभ्यास झाला होता, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. रुग्णाचं सोंग वठवणारी शिकवलेली माणसं वेगवेगळ्या डॉक्टरांकडे पाठवली. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आणि संध्याकाळी स्वतःच्या खासगी दवाखान्यात बसणारा तोच डॉक्टर, यांची तुलना केली. माणूस तोच, शिक्षण तेच. खासगीत तो जास्त वेळ देत होता, जास्त प्रश्न विचारत होता, आणि योग्य उपचारही तिथेच अधिक वेळा देत होता. बाजारवाले हा अभ्यास उचलून धरतात आणि म्हणतात, पाहा, खासगीच चांगलं. मला त्यातून दुसरंच दिसतं. एकाच माणसाचे दोन काटे असतील तर तो कोणत्या काट्याकडे गिऱ्हाईक वळवेल?

सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर माल परत. नियम ठीक आहे. पण परत लावलेली गाडी केंद्राबाहेर उभा असलेला व्यापारी कमी भावात घेतो आणि तोच कापूस दोन दिवसांनी वेगळ्या सातबाऱ्यावर त्याच केंद्रात जातो, अशी तक्रार दर हंगामात होते. ग्रेडर आणि व्यापारी एकाच टपरीवर चहा पिताना दिसले की कास्तकार समजून जातो. सरकारी रुग्णालयातल्या 'रेफर' या शब्दाचं अगदी असंच आहे. खरी गरज असलेला रेफर असतो. भूलतज्ज्ञ नाही, रक्तपेढी नाही, तर पाठवावंच लागतं. पण पाठवणारा कोणाच्या चहाच्या टपरीवर बसतो, ते लोक पाहतात. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरची खासगी प्रॅक्टिस, मग ती बायकोच्या नावाने असो की भागीदारीत, हा आमच्या भागातल्या आरोग्यव्यवस्थेचा सर्वांत न बोलला जाणारा रोग आहे. पाटीवरच्या नावाने फसायला तालुक्याचं गाव काही मुंबई नाही. सगळ्यांना सगळं माहीत असतं.

गावात येणारा सुईवाला म्हणजे या व्यवस्थेतली खेडा खरेदी, गावातच येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्यासारखी. अंगणात येतो, काटा सैल असतो, भाव पडेल, पण नगद नाही मागत. 'तुरी आल्यावर द्या' म्हणतो. पदवीचा डॉक्टर उधारीत सुई देत नाही. झोलाछापांवर छापे घालून हा प्रश्न सुटणार नाही. ज्या गावाच्या उपकेंद्राला आठवड्यातले चार दिवस कुलूप असतं तिथे तो पुन्हा उगवतो. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात ३,००० आणि २०,००० अशी मोजदाद कागदावर आहे. इमारतींनी ती बरीचशी पूर्णही होते. इमारत सुई देत नाही.

'सरकारने दवाखाने चालवू नयेत, विमा द्यावा' हा सध्याचा लाडका उपाय. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, तिच्या पहिल्या टप्प्यातच गडचिरोली आणि अमरावती होते. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि आता ती सगळ्या शिधापत्रिकांना, पाच लाखांपर्यंत लागू आहे. या योजनेने माझ्या ओळखीच्या दोन माणसांचं हृदय आणि एकाचं मूत्रपिंड वाचवलं आहे, त्यामुळे तिला नावं ठेवायला जीभ धजत नाही. पण तिच्यात दर बांधलेले आहेत, आणि बांधलेला दर ज्याला परवडत नाही तो दवाखाना 'हे योजनेत बसत नाही' असं म्हणून मोकळा होतो. बसतं की नाही हे तपासायचं कोणी? पुन्हा भावाचाच प्रश्न: इथं कोणाले विचारू? शिवाय योजना भरती झाल्यावर सुरू होते. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, पोराचा ताप, बाईचं अंगावरून जाणं, यात ती नसते. आणि आमच्या घरांतला पैसा जातो तो मुख्यतः तिथे, पन्नास-शंभर-पाचशे करून. आणि विम्याचं कार्ड गडचिरोलीतल्या भामरागडला घेऊन कोणत्या दवाखान्यात जायचं? गिऱ्हाईकच गरीब असलं की दुकान येत नाही. तिथल्याच हेमलकशात १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तिथे कोणत्या खासगी दवाखान्याची स्पर्धा हुकली नव्हती. सरकारही नावापुरतंच होतं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो आजारी पडले. ते कुठे गेले? यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये. तिथे खाटा कमी पडल्या, सोयी कमी पडल्या, त्यावर चौकशाही झाल्या. पण व्हेंटिलेटर लागणारा शेतमजूर हा कोणत्याच पॅकेजचा ग्राहक नसतो. त्याच्यासाठी कोणीतरी रिकामी खाट राखून ठेवावी लागते, आणि रिकामी खाट राखणं हे बाजाराच्या हिशेबात नुकसानच.

विदर्भाने या बाबतीत देशाला दाखवलेल्या वाटा कमी नाहीत. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलं. तिथे एके काळी गावकऱ्यांनी ज्वारी देऊन वर्षाचा आरोग्यविमा उतरवला, सुगीच्या वेळी, जेव्हा घरात खरोखरच काही असतं तेव्हा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांचा न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. बाजार जिथे पोचत नव्हता आणि शासन जिथे झोपलं होतं, तिथे पाचवी-दहावी शिकलेल्या बाईने ते केलं. तिच्याकडे दुसरा काटा नव्हता. आज तशाच कामाचा मोठा भाग आशाताईच्या डोक्यावर आहे, आणि तिला आपण पगार न देता 'मोबदला' देतो, तोही मोर्चे काढल्यावर.

मग करायचं काय, असं विचारलं तर माझं उत्तर फार छोटं आहे आणि मोठ्या घोषणांच्या मानाने कंटाळवाणं आहे. मला नवं वैद्यकीय महाविद्यालय नको. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात स्त्रीरोग, बालरोग आणि भूल, ही तीन माणसं रात्री मुक्कामाला हवीत. बाकी यादी नंतर. ती मिळत नाहीत कारण आपण त्यांना बदलीची भीती आणि गळकं क्वार्टर यांच्याशिवाय काही देत नाही. तमिळनाडूने ग्रामीण सेवा केलेल्या सरकारी डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशात वाटा दिला आणि खेड्यात डॉक्टर टिकवले. त्याच राज्याने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी महामंडळ काढलं आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. तुमच्या खात्यात इतके रुपये, हवं ते औषध उचला. आपल्याकडे खरेदीचं काम २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेलं, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं, आणि 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी तीच आहे. त्या तीन माणसांना खासगी काटा ठेवायची बंदी करा आणि बदल्यात खासगीतल्या कमाईच्या तोंडाला तोंड देईल एवढा पगार द्या. महाग वाटेल. पण गावच्या प्रत्येक बिलातून जे वाचेल त्याच्याशी तो ताडून पाहा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या २.५ टक्के करायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, तेही कोविडच्या वर्षात, तो १.८४ टक्के होता.

खासगी दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असं राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांत आहे. आमच्या रस्त्यावर एका ठिकाणी ती लावलेली दिसली. समोर औषधांच्या खोक्यांची रास होती, ती हलवल्यावर.

परवा भावासोबत कापूस घेऊन केंद्रावर गेलो होतो. टोकन होतं, तरी रांग हलत नव्हती. त्याची थोरली लेक पहिलटकरीण आहे, फेब्रुवारीत होईल. रांगेतूनच त्याने गावच्या आशाताईला फोन लावला.

"ताई, उपजिल्ह्यात बायांची डॉक्टर आली का?"

पलीकडून काही तरी बोलणं झालं. त्याने फोन खिशात टाकला.

"काय म्हणते?"

"ऑर्डर निघाली म्हन्ते." मग पुढच्या ट्रॅक्टरकडे पाहत म्हणाला, "ऑर्डर त केंद्राचीबी दिवाळीच्या आंधीच निघाली होती."